दोन्ही बाजू

परदेशी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या मराठी रेडिओच्या वाशीतल्या ऑफिसात चहाच्या कपांवरसुद्धा 'आम्ही स्वतंत्र' असं छापलेलं होतं. त्या सरकारच्या वैऱ्याच्या देशात बंदरकामगारांचा संप झाला, तेव्हा इथली वार्ताहर मोनालीने तो आठवडाभर गाजवला होता.

आता न्हावा शेवा बंदरात संप झाला, तो मात्र रेडिओला पैसा देणाऱ्या सरकारच्याच कंपनीविरुद्ध. बंदराच्या गेटवर संपकऱ्यांत तिचे वडील कोंडिबाही होते; ते पोरीची बातमी सगळ्यांना ऐकवायला मोबाइल लावून बसले.

"दोन्ही बाजू आण," संपादक म्हणाले. तिने आणल्या. त्यांनी कामगारांची कापली. म्हणे, फार एकांगी वाटते. उरली ती कंपनीची बाजू: बंदराजवळची वाहतूक कोंडी.

संध्याकाळी कोंडिबांचा फोन आला.

"ट्रॅफिकचं सुरू झालं, तसा मोबाइल बंद केला बघ. चार्जिंग संपलं म्हनलो सगळ्यांना."

इतकं नेमकं संपादन ऑफिसात कुणालाच जमलं नव्हतं.