गियोमार परत गेली नाही

पोर्तुगालची राजकन्या फ्रान्सची राणी होऊन पॅरिसला आली, तेव्हा तिच्या सोबतीला मानकऱ्यांच्या घरच्या काही मुली दिल्या होत्या. त्यांत गियोमार सगळ्यांत थोरली. एव्होराजवळ तिच्या वडिलांची जहागीर होती, पण जहागिरीला वारस मुलगे पुष्कळ, तेव्हा मुलगी दरबारात खपली याचं घरच्यांना बरंच वाटलं.

राणी म्हणजे तेव्हा पोरच होती. तिला फ्रेंचचं ओ की ठो कळत नव्हतं. कोणापुढे हात करायचा, कोणाला नुसती मान हलवायची, सासूने टोमणा मारला तर हसायचं की ऐकूच आलं नाही असं दाखवायचं, हे सारं गियोमार आधी स्वतः शिकली आणि मग तिने ते राणीला शिकवलं. मोर्व्हिलच्या विधुर ड्यूकने मध्ये एकदा गियोमारला मागणी घातली होती. "राणीसाहेबांना कोणाच्या भरवशावर सोडू?" असं म्हणून तिने ती परतवली.

पुढे राणीला मुलं झाली, तिची फ्रेंच सफाईदार झाली. मग राजाने पोर्तुगालच्या वैऱ्यांशी तह केला आणि प्रधानाने राजाच्या कानाला लागून हुकूम काढवला: राणीच्या महालातल्या पोर्तुगीज बायकांनी मायदेशी जावं. एकच बाई ठेवता येईल. कोणती, ते राणीने ठरवावं.

"तुम्हाला काय, तुमची जागा पक्की," ब्रितेस गियोमारला म्हणाली. ती सगळ्यांत धाकटी. "पेट्या भरायच्या त्या आम्ही."

"भर मग. आणि ते लोकरीचे झगे खाली घाल, चुरगळले तरी चालतात," गियोमार म्हणाली. तिलाही दुसरं काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राणीने तिला बोलावलं. "ब्रितेस राहील," ती म्हणाली.

"ब्रितेस?"

"ती केस छान बांधते."

"केस मीही बांधते, राणीसाहेब."

राणी आरशातच बघत राहिली. "तू समोर असलीस ना, की मला वाटतं मी अजून नवी नवरी आहे आणि माझं काहीतरी चुकतंय. इथे सगळे मला राणी म्हणतात. तू म्हणतेस तेव्हा शाबासकी दिल्यासारखं वाटतं गं."

"हे आधी सांगितलं असतंत तर मी गप्प बसायला शिकले असते."

"तू? गप्प?" राणीला हसू फुटलं. गियोमारही हसली. निर्णय मात्र बदलला नाही.

ही बातमी ड्यूकच्या कानावर गेली. संधिवाताने वाकडे झालेले पाय ओढत तो तिला भेटायला आला.

"मागे तुम्ही नाही म्हणालात. आता तरी?"

"तेव्हा मी तरुण होते. आता माझ्यात काय बघता?"

"माझ्या घरात मला कोणी उलट बोलत नाही. फार कंटाळा येतो हो."

"आणि तुमचे चिरंजीव?"

"मी एखादी वीस वर्षांची पोरगी आणीन म्हणून तो धास्तावलाय. तुम्हाला बघून चर्चमध्ये मेणबत्ती लावेल!"

गियोमारला राग आला नाही. एव्होराला आता भावजयीचं राज्य होतं. तिथे तिच्या वाट्याला कोपऱ्यातली खोली आणि भाचरांची उष्टीखरकटी आली असती. तिने रविवारच्या प्रार्थनेत नीट विचार केला आणि होकार कळवला. स्वयंपाकघर तिच्या हातात राहील, एवढी एकच अट घातली.

लग्न लागल्याबरोबर ती फ्रेंच ड्यूकची बायको झाली. प्रधानाला चरफडण्यापलीकडे काही करता येईना.

डचेसला राणीसमोर तिपाईवर बसण्याचा मान असतो. गियोमार पहिल्यांदा दरबारात आली तेव्हा हुजऱ्याने तिपाई मांडली आणि ती बसली. त्या दालनात ती इतक्या वर्षांत कधी बसली नव्हती. राणीच्या मागे उभी असलेली ब्रितेस ओठ चावून हसू दाबत होती.

"तब्येत बरी आहे ना तुमची?" राणीने फ्रेंचमध्ये विचारलं. मग पुढे वाकून पोर्तुगीजमध्ये हळूच म्हणाली, "रागावलीस का गं?"

"रागावले होते. आता तो राग आचाऱ्यावर निघतो. मेला माशात लोणी ओततो!"

राणी एवढ्या मोठ्याने हसली, की सासूबाईंनी मान वळवून पाहिलं.

त्यानंतर गियोमार सणासमारंभापुरतीच राजवाड्यात जाई. राणीचा धाकटा मुलगा तापाने गेला तेव्हा मात्र तिला निरोप आला. ती गेली. सांत्वनाचं काही बोलली नाही. राणीजवळ बसून तिला चमच्याने सूप पाजत राहिली. राणी आपल्या हाताने जेवू लागल्यावर ती घरी परतली. कोणी थांब म्हणालं नाही, आणि तिनेही त्याची वाट पाहिली नाही.

ड्यूकशी ती शेवटपर्यंत भांडली, आणि तोही त्यात रमला. त्याला पुरल्यावर सावत्र मुलगा अदबीने तिच्यासमोर उभा राहिला. माणूस वाईट नव्हता.

"आईसाहेब, तुम्ही आता तिकडे जाणार असाल, तर गाडीची सोय करतो."

"तिकडे म्हणजे कुठे?"

त्याचा चेहरा लाल झाला.

"बागेतल्या नासपती उतरवायला झाल्यात," ती म्हणाली. "गाडी तिकडे लागेल."

त्याने गाडी बागेकडे पाठवली.