आईच्या खोलीतली जाळी

आईचा खोकला सुरू झाला तेव्हा मी आधी मांजर घालवलं. माझ्या लेकीचं मांजर, तिच्या उशाशी झोपणारं. मग गालिचा गेला, मग खिडकीतल्या कुंड्या गेल्या. लेक कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आई पलंगावर बसून हे सगळं बघत होती आणि रुमालात खोकत होती.

मग माझ्या धाकट्या भावाने सांगितलं की दोष घराच्या हवेतच आहे. तो एसीचे डक्ट साफ करणाऱ्या कंपनीत आहे. आमच्या छताच्या वरून पत्र्याचे डक्ट गेलेले आहेत, त्यांतून प्रत्येक खोलीत जाळीवाटे गार हवा येते. इथली हवा अशी दमट की डबीत मीठ कमी आणि पाणीच जास्त. माझं लाँड्रीचं दुकान आहे, त्यामुळे ओल म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पण डक्टच्या आत कोण डोकावतंय?

मी दुकानात असताना एका दुपारी तो लांब वायरचा कॅमेरा घेऊन घरी येऊन गेला. संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर मोबाईल ठेवला आणि आम्हाला व्हिडिओ दाखवला. काळी बुरशी, लोंबणारी जळमटं. हा आईच्या खोलीतल्या जाळीच्या आतला भाग, असं तो म्हणाला. आई शेजारीच बसली होती. तिने एकदा मोबाईलकडे बघितलं आणि पुन्हा ताटात मान घातली.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली असेल, ती मोकळी करू, फिल्टर बदलू. ओल तशीच राहिली तर नुसते डक्ट घासून काय उपयोग? मला मात्र ते आजच्या आज घासून हवे होते. खोडा घातला तो भावानेच. साफ करताना सगळी धूळ घरभर उडेल, या हवेत बुरशी पुन्हा धरणारच, त्यापेक्षा आईला माझ्याकडे पाठव, कायमची, असं त्याने सुचवलं. आपलाच माल घेऊ नका म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मूर्खासारखी त्यात मला त्याची माया दिसली.

आईला पाठवणं माझ्या जिवावर आलं होतं. बाबा गेल्यावर तिला मी इथे आणलं, तेव्हा हाच भाऊ घरात जागा नाही म्हणून हात झटकून मोकळा झाला होता. आता त्याला जुळी झाली होती, घर मात्र तेवढंच होतं. तरी आईच्या छातीचा प्रश्न होता, म्हणून मी तळ्यात-मळ्यात करत राहिले. शेवटी ठरवलं, डक्ट साफ करायचे आणि आई कुठेही जाणार नाही. दुसऱ्या एका कंपनीला फोन केला. तिथल्या बाईने सांगितलं, एखादी जाळी उघडून आतला फोटो पाठवा, मग बघू.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आई अंघोळीला गेल्यावर मी तिच्या खोलीत स्टुलावर चढले. जाळीच्या स्क्रूंवर आई आल्यानंतर झालेल्या रंगकामाचा रंग बसला होता, त्याला कुठे ओरखडाही नव्हता. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी रंग खरवडला, स्क्रू फिरवले, जाळी काढली. आत माझाच गादीचा तुकडा होता.

पिवळ्या फुलांच्या जुन्या चादरीत शिवलेला, भोकात घट्ट बसलेला. आई राहायला आली तेव्हा तिला वरून येणारी गार हवा सोसेना, म्हणून मीच तो कापून, शिवून आत कोंबला होता आणि नंतर साफ विसरून गेले होते. म्हणजे या खोलीत डक्टची हवा येतच नव्हती. कॅमेराही या जाळीतून गेला नव्हता. तो व्हिडिओ कुणाच्या घरचा होता देव जाणे. भावाला हे गादीचं प्रकरण ठाऊकच नव्हतं, म्हणून तर तो बेधडक थाप मारून बसला. पण आईला ठाऊक होतं. मी तुकडा कोंबत होते तेव्हा खाली स्टूल धरून तीच उभी होती.

आई केस पुसत आली. तिने माझ्या हातातला तुकडा बघितला आणि ती पलंगावर बसली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"मीच त्याला सांगितलं, काहीतरी कारण काढ म्हणून. तुझ्या तोंडावर जाते म्हणायचा धीर होईना."

"आणि खोकला?"

"सुरुवातीला खरा होता."

तिला गदागदा हलवावं असं मला वाटलं. मांजराचं काय, असं विचारलं, तर तिने मान खाली घातली. मग हळूहळू सांगायला लागली. जुळ्यांनी सुनेचा जीव मेटाकुटीला आणलाय, तिथे तिच्यावाचून अडतंय.

"इथे तू मला काडी उचलू देत नाहीस," ती म्हणाली. "इस्त्री करून कपाटात ठेवल्यासारखी ठेवलीयेस मला."

सरळ सांगितलं असतं तर मी अडून बसले असते, हे खरं. रडले असते, भांडले असते, पण शेवटी पाठवलं असतं. माझ्या आईने मला तेवढंही ओळखलं नव्हतं. त्या दोघांनी मिळून मला खेळवलं, आणि तिच्या छातीच्या काळजीने मी आपली घर विंचरत बसले होते. इतकं परकं मला बाबा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

मीच भावाला फोन करून बोलावलं, मीच तिच्या साड्यांच्या घड्या घातल्या. तो गाडी घेऊन आला, बॅगा डिकीत ठेवल्या. आई पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"बरं केलंस ताई," तो म्हणाला. "हवा बदलली की तिला आराम पडेल."

मी तो गादीचा तुकडा त्याच्या हातात दिला.

"हा तुझ्याकडे तिच्या खोलीतल्या जाळीत घाल. इथे आली तेव्हापासून घातलेला होता. गार हवा सोसत नाही तिला."

त्याने तुकडा उलटसुलट करून बघितला, मग आईकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. आईने तो त्याच्याकडून घेतला, मांडीवर ठेवला आणि समोर बघत बसून राहिली. गाडी निघेपर्यंत ती एकदाही खोकली नाही.