शंखबाबांचा उलटा शंख

बेकरीच्या मागच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक पिठाच्या पोत्यांवर बसून, भट्टीच्या उबेने आलेला घाम पुसत शंखबाबांकडे टक लावून बघत होते. बाबांनी एक पांढरा शंख टोक वर करून धरला.

"बघा, तोंड उजवीकडे! रोगाचे वेढेही असेच, उजवे. आता ते उलगडतो!"

शंख बेकरीवाल्याच्या पोटाला टेकवला, शालीखाली घेतला. बाबा दोनदा घुमले, एकदा शिंकले आणि शंख बाहेर काढला, तर तोंड डावीकडे!

"उलगडला! साखरेचा रोग उलगडला! आता सुया बंद. आणि शंखाच्या तोंडात बोट घालायचं नाही हं. आत रोग दबा धरून बसलाय, चावेल!"

बेकरीवाल्याची धाकटी बहीण शाळेत विज्ञान शिकवायची. सगळे तिला बाईच म्हणत. त्या दाराशी उभ्या राहून चडफडत होत्या. त्या दिवसापासून दादाने इन्सुलिन सोडलं. पायाच्या बोटाची जखम काळी पडत चालली, आणि हा गडी उशाशी शंख ठेवून स्वतःच्याच दुकानातले केक हाणत होता.

त्यांनी दादाच्या हातात एक स्क्रू ठेवला. "उभा धर, आडवा धर, उलटा धर. आटे दिशा बदलतात का?"

"नाही बुवा."

"शंखाचंही तसंच. उजव्याचा डावा होणं अशक्य आहे!"

दादाचे डोळे चमकले. "अशक्य! आणि बाबांनी ते करून दाखवलं! आता तूसुद्धा मानलंस!"

बाईंनी कपाळावर हात मारला. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

पण एकाचा दुसरा होत नसेल, तर शंख दोन असणार. शाळेच्या कपाटातले उजवे-डावे शंख बाईंनी टेबलावर मांडले. रंग तोच, घाट जवळपास तोच. त्यांनी एकेका शंखाच्या तोंडात बोट घातलं, तेव्हा कुठे फरक कळला. बाई घरी येऊन दादाला म्हणाल्या, "पुढच्या वेळी शंख उलटण्याआधी हळूच आत बोट घाल, आणि उलटल्यावर पुन्हा घाल. चावला तर जन्मभर तुझं ऐकेन."

धाकटी बहीण जन्मभर ऐकणार, या आमिषापुढे बाबांची ताकीद फिकी पडली.

पुढच्या बैठकीत बाबांनी नवा उजवा शंख पोटाला टेकवला. दादाने बोट सरकवलं. आतल्या खांबाला ठळक कंगोरे लागले. शालीतून डावा शंख बाहेर आला. दादाने पुन्हा बोट घातलं, तर आत सगळं गुळगुळीत.

"महाराज, कंगोरे कुठे गेले?"

बाबांनी शाल घट्ट लपेटली. "रोगाबरोबर गेले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंना रडू यायचं बाकी होतं. त्यांनी पुढे होऊन शाळेतून आणलेली पिशवीच उपडी केली.

"हे शाळेच्या कपाटातले डावे शंख. सगळेच आतून गुळगुळीत. ही समुद्री गोगलगाय जन्मतःच डावी. हिची आई डावी, आजी डावी. यांनी कोणाचा रोग उलगडला? कंगोरेवाली ती दुसरी जात, आणि ती सहसा उजवीच असते. बाहेरून जुळ्या, पण एकीची दुसरी होत नाही!"

"बाई, तुम्हाला ज्ञानाचा अहंकार..." बाबा म्हणू लागले.

"थांबा महाराज," दादा म्हणाला, आणि पिठाचं रिकामं पोतं झटकावं तशी त्याने बाबांची शाल झटकली. अस्तरातून उजवा शंख टणकन फरशीवर पडला. दादाने बोट घालून बघितलं. "हे काय कंगोरे! रोगाबरोबर नाही, बगलेत गेले होते!"

"चमत्कार!" बाबा दाराकडे सरकत ओरडले. "शंख व्याला!"

खोली इतकी हसली की बाबा कधी निसटले ते कोणाला कळलंच नाही. दादा मात्र हसला नाही. "माझी सुई कुठे ठेवलीस गं?" एवढंच त्याने विचारलं, आणि बाईंनी त्याला तसंच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पाय वाचवला, पण करंगळी गेली. दादा आता काठी टेकत गल्ल्यावर बसतो, आणि कोणी नव्या बाबाची गोष्ट काढली की म्हणतो, "माझ्याकडचा पाव घेताना दहादा दाबून बघता ना? मग जीव कोणाच्या हाती देताना डोळे का मिटता? तिथेही दाबून बघा. खरं असेल ते तुमच्या बोटाला घाबरणार नाही."