भट्टीआजीचा शब्द

गल्लीत तिला सगळे भट्टीआजी म्हणत. निम्मं बेकरीमुळे, निम्मं तोंडामुळे. आणि त्या दिवशी ते तोंडच तिला नडलं.

वीज कंपनीची बाई आली होती. संध्याकाळी सहा ते नऊ सगळ्यांची यंत्रं एकदम चालतात, तेवढ्यासाठी कोळशाचं जादा वीजकेंद्र पेटवावं लागतं, ते तीन तास जड यंत्रं बंद ठेवा, असं ती पोटतिडकीने सांगत होती. लोक जांभया देत होते.

"आधी बेकरीचा ओव्हन बंद होऊ दे," शिंपी म्हणाला, "मग माझ्या इस्त्रीचं बघू."

"होईल," भट्टीआजी म्हणाली. "सोमवारपासून. आणि मग तुझी इस्त्री मी स्वतः येऊन बंद करीन."

घरी मुलाने कपाळाला हात लावला. "आई, संध्याकाळी आपण टोस्ट भाजतो. विसरलीस?"

"सकाळी पावाला तापवतोस, दुपारी बिस्किटांना, संध्याकाळी टोस्टला. तीनदा. तुझे बाबा एकदाच पेटवायचे."

खरंच होतं ते. विटांची भट्टी पहाटे एकदा पेटायची आणि दिवसभर त्याच उष्णतेवर काम चालायचं. कडक आचेला पाव, ती उतरली की बिस्किटं, अगदी शेवटच्या उबेला टोस्ट. मग शेजारणी आपापली कडधान्याची भांडी शिजायला आणून ठेवायच्या, आणि ती शिजेपर्यंत ओट्यावर गप्पा रंगायच्या. भट्टीआजी शाळेत गेलीच नव्हती. मोजायला शिकली ती भट्टीच्या तोंडाशी. नवरा तिचा हात धरून आत न्यायचा आणि दोघं मोजायची. पाचाला चटका बसला तर पाव, दहापर्यंत टिकलं तर बिस्किटं, वीस झाले की टोस्ट. नवी नवरी होती तेव्हा ती मुद्दाम चुकायची, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागे.

"बुधवारपर्यंत बघतो," मुलगा म्हणाला. "नाही जमलं तर गुरुवारी मी ओव्हन लावणार. शिंप्याला काय तोंड दाखवायचं ते तू ठरव."

सोमवारी पाव झाले, बिस्किटं झाली, ओव्हन बंद करून तिने टोस्ट आत सरकवले. सहाला काढले तर ओल्या पुठ्ठ्यासारखे मऊ. मंगळवारी तेच. शिंप्याने एक चाखला आणि म्हणाला, "आजी, चहात बुडवायचे कष्ट वाचवलेत."

ती ट्रे उचलून आत गेली.

बुधवारी टोस्ट आत गेले आणि ओव्हनच्या दाराकडे तिचा हात गेला, तोच सून जवळ आली. दोन दिवस ती हे बघत होती.

"आई, रागावणार नसाल तर सांगते."

"रागावणारच. सांग."

"तुम्ही घडीघडी दार उघडून हात घालता, वीसपर्यंत मोजता. तेवढ्यात सगळी ऊब बाहेर येते. ती विटांची भट्टी होती, हा पत्रा आहे. त्याला एवढं झेपत नाही."

भट्टीआजीचा चेहरा उतरला. नवऱ्याचे कपडे तिने वाटून टाकले होते, भट्टीच्या विटाही गेल्या होत्या. ते मोजणं तेवढं तिच्यापाशी उरलं होतं.

"हात न घालता कळणार कसं?"

"काचेमागे आच दाखवणारा काटा आहे ना."

"मला वाचता येत नाही तो," ती हळूच म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

सून हसली नाही. स्टूल ओढून शेजारी बसली. "मी वाचते. तुमचे वीस म्हणजे केवढी आच, ते तुम्ही मला शिकवा."

तीन तास दोघी बंद दारासमोर बसल्या. सून काटा सांगायची, भट्टीआजी त्यावर एकेक जुनी गोष्ट. शेजारणींच्या भांड्यांची, भांडणांची, एकदा कुणाचं तरी भांडं चुकून तिसरीच घेऊन गेली त्याची. सून पोट धरून हसली. दार कुणीच उघडलं नाही.

सहाला मुलाने ट्रे काढला. एक टोस्ट मोडला. कडकन आवाज झाला. त्याने अर्धा बायकोला दिला, अर्धा स्वतः खाल्ला, आणि भिंतीवरचं ओव्हनचं मुख्य बटणच बंद करून टाकलं.

भट्टीआजीने चार टोस्ट कागदात बांधले आणि शिंप्याच्या दुकानात जाऊन बाकावर बसली.

"चाव," ती म्हणाली.

त्याने चावला. मान डोलावली. "बरं आजी, एवढी एक विजार होऊ दे."

"उद्या सकाळी."

"गिऱ्हाईक येईल हो."

"येऊ दे की. मी बसलेय. सांगते त्याला."

शिंप्याने इस्त्री उभी केली, वायर काढली. ती उठली आणि समोरच्या लाँड्रीकडे वळली.