दुसरा फटका

ग्लासांचा ट्रे थोरलीच्या हातून सुटला तेव्हा तिचा बाप नुकताच जेवायला बसला होता. सगळेच्या सगळे ग्लास फरशीवर फुटले, आणि तो आवाज विरायच्या आत त्याने उठून पोरीच्या कानाखाली वाजवली.

"मुद्दाम करतेस! मुद्दाम!"

"नाही हो बाबा, पाय घसरला—"

त्याने तिची वेणी मुठीत गुंडाळली आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मग पुन्हा. थोरली नऊ वर्षांची. पहिल्यांदा ती किंचाळली, दुसऱ्यांदा तिच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली. बाप वेल्डर होता. दिवसभर लोखंडाच्या पट्ट्या इकडच्या तिकडे करणाऱ्या त्या हातांना एवढंसं डोकं म्हणजे खेळणं होतं.

त्याची बायको खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलापाशी उभी होती. आजूबाजूच्या इमारतींतले कपडे ती घरी इस्त्री करून देई. सगळे तिला इस्त्रीवालीच म्हणत. तिच्या हाताखाली एका शर्टाची कॉलर होती. "सोडा तिला," ती म्हणाली. मग ओरडली. मागे एकदा मध्ये पडली होती तेव्हा त्याने तिचं मनगट पिरगाळून मोडलं होतं, म्हणून आधी ती जागची हलली नाही. पण थोरलीच्या नाकातून रक्त आलं, तिचे डोळे वर फिरले, आणि इस्त्रीवालीने तापलेली इस्त्री वायरीसकट उपटून त्याच्या खांद्यावर हाणली.

कातडी चरचरली. त्याने वेणी सोडली. खांदा धरून तो गुडघ्यांवर आला आणि गुरासारखा ओरडू लागला. पोरगी भिंतीला घसरत खाली बसली. आता तिच्यापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. नंतर त्याने मान वर केली.

तेव्हा इस्त्रीवालीने दुसरा फटका हाणला. इस्त्रीचं टोक त्याच्या उजव्या डोळ्यात घुसलं.

दारात पाच वर्षांची धाकटी उभी होती.

पोलीस चौकीत एका बाई अधिकाऱ्याने धाकटीला मांडीवर घेतलं, बिस्किटाचा पुडा दिला आणि विचारलं, "काय झालं गं बाळ?"

"ताईने ग्लास फोडले. सगळे."

"मग?"

"मग बाबांनी तिला मारलं. एक फोडला असता तर एवढं नसतं मारलं."

"आणि आईने?"

"आईने बाबांचा डोळा फोडला. खूप रक्त आलं. ताईचं थोडंसंच आलं होतं." पोरीने बिस्किट खाता खाता नीट विचार केला. "आई जास्त वाईट आहे."

इस्त्रीवाली समोरच्याच बाकावर बसली होती. तिने ते ऐकलं आणि मान खाली घातली.

"मनाला लावून घेऊ नका," अधिकारी बाई म्हणाल्या. "या वयात ज्याच्या हातून नुकसान मोठं, तो गुन्हेगार मोठा. कोण का चिडलं, कुणाच्या मनात काय होतं, ते त्यांना दिसतच नाही. येईल अक्कल."

"तोवर माझ्याकडे येईल ना?" इस्त्रीवालीने विचारलं. बाई कागदावर लिहायला लागल्या.

कोर्टात इस्त्रीवालीच्या वकिलाने सांगितलं की ती भेदरली होती, दुसरा फटका भीतीच्या भरात बसला. ती गप्प उभी राहिली. शिक्षा झाली, पण थोडकीच. पोरी तेवढे दिवस मामाकडे राहिल्या. वेल्डरचा डोळा गेला तसं वेल्डिंगही गेलं. तो कुठल्याशा गोदामावर रखवालदार म्हणून लांब निघून गेला. सुटून आल्यावर तिने दुसऱ्या वस्तीत खोली घेतली, नवी इस्त्री घेतली. तिची कीर्ती तिच्याआधी तिथे पोचली होती. "कपडे वेळेवर न्या हो, नाहीतर बाई डोळे दाखवायच्या नाहीत, काढायच्या," असं एक पेन्शनर जिन्यात म्हणाला आणि लोक हसले. पण तिच्या हातची घडी मोडवत नसे, म्हणून कपडे येत राहिले.

थोरली आईला चिकटून झोपायची. धाकटी भिंतीकडे तोंड करून.

धाकटी तिसरीत असताना शाळेतून बोलावणं आलं. तिने वर्गातल्या एका मुलीच्या तोंडावर पाण्याची स्टीलची बाटली मारली होती. पुढचे दोन दात पडले होते. ती मुलगी रुमाल तोंडात कोंबून बसली होती, रुमाल लाल झाला होता, आणि धाकटी शेजारी ताठ उभी होती.

"विचारा तुमच्या या वकीलसाहेबांना," वर्गाच्या बाई धाकटीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "काय म्हणणं आहे ते ऐका."

"तिने मला जिन्यावरून ढकललं," धाकटी म्हणाली. "एकदा. मी एकदा मारलं. फिट्टंफाट."

"अगं, तुला साधं खरचटलंय! तिचे दात गेलेत!"

"ते तिचे आधीच हलत होते. मी एकदाच मारलं."

वाटेत इस्त्रीवालीने तिचं बखोट धरलं होतं. वळणावर आल्यावर तिचाही तोल गेला, तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "लाज नाही वाटत? एवढं रक्त काढायचं?"

पोरगी रडली नाही. तिथेच थांबून तिने आईकडे पाहिलं.

"बाबांनी ताईचं डोकं दोनदा भिंतीवर आपटलं. तू एकदा खांद्यावर मारलंस, एकदा डोळ्यात. म्हणजे सारखंच झालं ना? मग तुला तुरुंगात का टाकलं?"

इस्त्रीवालीने बखोट सोडलं. एवढी वर्षं पोरीने त्या दिवसाचं नाव काढलं नव्हतं. ती मनातल्या मनात हिशोबच मांडत बसली होती तर. आज आईला तिने गुन्हेगारांतून काढून बरोबरीला बसवलं होतं.

"तसं मोजायचं नसतं," ती कशीबशी म्हणाली.

"मग कसं मोजायचं?"

आईने तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. दोघी चालत राहिल्या.

धाकटी बारा वर्षांची झाली त्या वर्षी बाप आला. थोरली अकरावीच्या क्लासला गेली होती. भर दुपारी दार ढकलून तो आत शिरला. दाढी वाढलेली, उजवी पापणी खोबणीत आत ओढलेली, तोंडाला दारूचा भपका. धाकटी कोपऱ्यात गणितं सोडवत होती.

"ओळखलंस का?" तो बायकोला म्हणाला. "का दुसराही काढल्यावर ओळखशील?"

"पोरगी आहे घरात. बाहेर चला, बोलू."

बोलायला तो आलाच नव्हता. त्याने तिच्या पोटात लाथ घातली, ती टेबलासकट पडली, आणि तो तिच्या छातीवर बसला. त्याचे अंगठे तिच्या गळ्यात रुतले. तिच्या टाचा फरशीवर आपटायला लागल्या. धाकटीने आधी त्याचा शर्ट ओढला. मग मनगटाला चावली, इतक्या जोरात की तोंडात रक्ताची चव आली. त्याने कोपराने तिला उडवलं. तिचा ओठ फाटला. आईचा चेहरा काळानिळा पडत चालला होता.

तिने लाकडी स्टूल उचललं आणि जिवाच्या आकांताने त्याच्या पाठीत घातलं.

बरगडी मोडल्याचा आवाज आला. तो कुशीवर कोसळला. त्याने श्वास घ्यायचा प्रयत्न केला, तो घेता येईना. धाकटीने स्टूल पुन्हा डोक्यावर उचललं. बापाने चेहऱ्यावर हात आडवा धरला आणि बोटांच्या फटीतून तो एक डोळा तिच्याकडे बघत राहिला.

इस्त्रीवाली खोकत होती, तिला ओरडता येत नव्हतं. तिने फक्त पाहिलं. पोरीच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं आणि स्टूल वरच होतं.

मग तिने ते खाली ठेवलं. आईच्या आणि बापाच्या मध्ये ठेवलं, आणि त्याच्यावर स्वतः बसली.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

शेजारी धावून आले, पोलीस आले, त्याला घेऊन गेले. जबाब झाले. दवाखान्यात धाकटीच्या ओठाला टाके पडले. घरी आल्यावर इस्त्रीवालीने टेबल सरळ केलं, कारण उद्याचे कपडे द्यायचे होते आणि हाताला काहीतरी हवं होतं. गळ्यावर दहा बोटं उमटली होती.

"आई," धाकटी टाक्यांमुळे ओठ न हलवता म्हणाली. "तेव्हा पण असंच होतं ना? पहिल्या फटक्यातच बाबांनी ताईला सोडलं होतं."

"हो."

"मग दुसरा तू घाबरून मारलास. ताई म्हणते, कोर्टात तसंच सांगितलं होतं. तुला काही कळत नव्हतं. डोळ्याला लागेल असं तुझ्या मनात नव्हतं." ती थांबली. "नव्हतं ना?"

तिने पहिल्यांदाच आईच्या मनात काय होतं ते विचारलं होतं. रक्त किती, फटके किती, यातलं काही नाही. शिवाय वाटही तीच काढून देत होती. इस्त्रीवालीने नुसती मान हलवली असती तरी सात वर्षांचं ओझं उतरलं असतं. पण आज तिने या पोरीला स्टूल खाली ठेवताना पाहिलं होतं.

"होतं," ती बसलेल्या आवाजात म्हणाली. "पहिला ताईला सोडवायला मारला. दुसरा मुद्दाम. त्याने वर पाहिलं, आणि मला वाटलं, याने पुन्हा कधी माझ्याकडे असं बघायला नको. सगळं कळत होतं मला. घाबरले नव्हते."

धाकटी उठली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. इस्त्रीवालीला तिची पाठ दिसत होती. रस्त्यावर मुलं ओरडत खेळत होती. एकदोघांनी तिला हाक मारली, ती हलली नाही.

इस्त्रीवालीने गाठोडं सोडलं. लॉजवरून आलेल्या डबलबेडच्या चादरी होत्या. एकटीने घडी घालायला त्या फार मोठ्या. एक टोक हनुवटीखाली धरलं की गळा दुखे, सोडलं की चादर फरशीला लागे. तिने दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा पलीकडची टोकं उचलली गेली.

धाकटी समोर उभी होती. आईकडे न बघता तिने चादर ताणली, झटकली.

"दुसरा नको होता," ती म्हणाली.

"नको होता."

दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक लावलं. धाकटीने आपली टोकं आईच्या हातात दिली, वाकून खालची घडी उचलली आणि पुन्हा मागे सरकली.

"नीट धर," ती म्हणाली. "तुझी बाजू लोंबतेय."