मेणदोऱ्याची गाठ

निसारभाईंच्या गाठीची भद्रकालीत ख्याती होती. मेण चोळलेल्या दोऱ्यानं त्यांनी मारलेली गाठ सुटली, असं कधी कुणी ऐकलं नाही. त्यांचं बाइंडिंगचं दुकान तळघरात. पावसाळ्यात तिथं खालून पाणी पाझरायचं, म्हणून दोन पंप बसवलेले: एक लाईटवरचा, दुसरा लाईट गेली की चालणारा, बॅटरीवरचा. बॅटरीचं पाणी दर शुक्रवारी न चुकता बघणारा हा माणूस. याला निष्काळजी कोण म्हणेल? पण घात व्हायचा तर तो असल्या जपणाऱ्याच्याच हातून होतो.

शामसुंदर गुरुजींनी आपल्या वह्या शिवायला दिल्या होत्या. गोदाकाठी येणाऱ्या यजमानांच्या सात पिढ्यांची नावं, जुन्या काळ्या शाईत, हातानं लिहिलेली. दुसरी प्रत नाही. "पोरगी सासरी धाडतोय असं समजा, निसारभाई," म्हणाले होते गुरुजी.

काल ते सिन्नरच्या एका यजमानाला घेऊन तळघरात उतरले, त्याच्या आजोबांची सही दाखवायला. नेमकी तेव्हाच लाईट गेली आणि बॅटरीचा पंप कोकलायला लागला. गुरुजी काय वाचतात ते कुणालाच ऐकू येईना. पाणी चढलं की वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा तो फ्लोट, निसारभाईंनी सरळ खाली दाबला आणि हातातल्या दोऱ्यानं बांधून टाकला. दोन मिनिटांपुरता हो! सही सापडली, यजमान रडला, चहा झाला, लाईट आली. गाठ तशीच राहिली.

आज ते पुठ्ठा आणायला अंबडला गेले. दुपारी पावसानं झोडपून काढलं, लाईट गेली. "तळघराचं काय हो?" पुठ्ठेवाल्यानं विचारलं.

"बॅटरी फुल आहे आपली. घोर नाही," म्हणत त्यांनी आणखी एक चहा मागवला.

चार वाजता परतले तर जिन्याच्या निम्म्या पायऱ्या पाण्याखाली. वरच्या फळीवर इन्व्हर्टरचा हिरवा दिवा छान जळत होता. पंपाचा मात्र आवाज नाही. तेव्हा कुठं त्यांना आठवलं.

"या अल्लाह!"

ते छातीभर पाण्यात शिरले. शिवायला सुटी केलेली पानं तरंगत होती. एक उचललं, फिकट डाग. दुसरं उचललं, तेही तसंच. श्वास रोखून ते बुडी मारून गाठीपाशी गेले. नखं तुटली, गाठ हलेना. आपल्याच हातांची त्यांना किळस आली. शेवटी खिशातल्या कातरीनं दोरा कापला, आणि पंप लगेच सुरू झाला.

वर जिन्यात गुरुजी येऊन उभे होते. त्यांनी शिवी हासडावी, छत्री फेकून मारावी, असं निसारभाईंना मनापासून वाटलं. पण गुरुजी मागं वळून गल्लीतल्या गटाराकडं बघत होते. पंपाच्या पाइपातून तिथं काळं पाणी पडत होतं.

"निसारभाई," ते हळूच म्हणाले, "तो पंप बंद करा हो. नावं चाललीत."