पॅरिस वगळून

फ्रान्सला जायचं आणि पॅरिस बघायचं नाही, हे ऐकल्यावर प्रसन्नने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुरण न घालता पुरणपोळी करायला घेतली होती.

"अगं मृणाल, लोक विचारतील ना! आयफेल टॉवरसमोर एक फोटो तरी?"

"तुला फोटो हवाय की फ्रान्स?"

"दोन्ही," तो म्हणाला. खोटं कशाला बोलायचं, माझा नवरा सरळ माणूस आहे. शिकागोजवळ शॉमबर्गच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहितो आणि सहलीला गेला की ठिकाणं उरकत सुटतो. नायगारा आम्ही चाळीस मिनिटांत उरकला होता, त्यातली वीस पार्किंग शोधण्यात गेली.

पण या खेपेला मी हटून बसले. लग्नाआधी पुण्यात मी सहा वर्षं शाळेत फ्रेंच शिकवलं. पोरांकडून क्रियापदं घोटून घेतली, परीक्षेचे पेपर काढले, पण फ्रान्स काही पाहिलं नाही. पुढे अमेरिकेत आले ती नवऱ्याच्या व्हिसाला जोडून मिळालेल्या व्हिसावर. त्यावर राहता येतं, स्वयंपाक करता येतो, मूल वाढवता येतं. नोकरी तेवढी करता येत नाही. सात वर्षं माझं फ्रेंच मी भांडी घासताना स्वतःशीच बोलत होते. आमची सहा वर्षांची अनिका दारातून विचारायची, "मम्मा, हू आर यू टॉकिंग टू?" काय सांगणार होते मी तिला?

भारतात जाताना एकदा पॅरिसच्या विमानतळावर पाच तास थांबलो होतो. बाहेर पडायला व्हिसा नव्हता. कॉफीच्या काउंटरवर मी मनात तीनदा घोकून, शुद्ध फ्रेंचमध्ये कॉफी मागितली. त्या मुलीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "दूध घालू का?" रागापेक्षा लाजच जास्त वाटली. इतक्या वर्षांचं माझं सगळं शिकणं तिने एका प्रश्नात परत केलं होतं. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. फ्रान्समधल्या कुणीतरी एकदा माझ्याशी फ्रेंचमध्ये बोलावं.

म्हणून पॅरिस नको. २००७च्या एप्रिलमध्ये मी लायब्ररीतून जाडजूड गाइडबुक आणलं आणि माझा नियम ठरवला: ज्या गावाला पानं कमी, ते गाव माझं. जिथे टूरिस्ट कमी, तिथे इंग्रजी कमी. पॅरिसला दीडशे पानं होती. मी ती चिमट्यात धरून एकदम उलटली.

दर शनिवारी दुपारी आम्ही डायनिंग टेबलवर गावं निवडायचो. नीसला समुद्र होता म्हणून अनिकाने हात वर केला, पण तिथे सगळ्या जगातले लोक उन्हात पडलेले असतात. नीस कटाप. बोर्दो वाइनसाठी प्रसिद्ध, आणि प्रसन्नला ताकसुद्धा चढतं. दिजोंची मोहरी फार नावाजलेली, असं त्याने वाचून दाखवलं. "मोहरी आहे घरात," मी म्हटलं. स्त्रासबुर्गचं नाव काढताच त्याचे डोळे चमकले. "यार, तिथून जर्मनी अगदी जवळ आहे. एका तिकिटात दोन देश!" म्हणून स्त्रासबुर्गही गेलं. रुआँ पॅरिसपासून दीड तासावर. हा माणूस मला झोपेत असताना टॉवरखाली नेऊन उभा करेल, अशी मला धास्ती होती.

शेवटी तीन गावं उरली. ल्यों, कारण प्रसन्नला 'मोठं काहीतरी' हवं होतं. तुलूझ, कारण तिथे विमानं बनतात आणि अनिकाला ती बघायची होती. आणि नाँत. नाँतला पुस्तकात जेमतेम अडीच पानं होती. नदी, किल्ला, ट्राम, पाऊस. ती अडीच पानं मी इतक्यांदा वाचली, की पुस्तक आपोआप तिथेच उघडायला लागलं. तिथे मी एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली पत्र पाठवून ठरवली. त्यांच्याकडे ईमेल नव्हतं, हे मला फार आवडलं.

शिकागोच्या कॉन्सुलेटमध्ये आम्ही कागदांचा गठ्ठा घेऊन गेलो आणि दोघांच्या पासपोर्टवर व्हिसे घेऊन आलो. अनिका इथे जन्मलेली, तिला व्हिसा लागतच नव्हता. घरात फ्रान्सबद्दल सगळ्यात कमी उत्सुक असलेली व्यक्ती नुसती उठून जाऊ शकत होती! एक जुलैची तिकिटं होती. मी रेनकोट घेतले. भांडी घासताना आता मी मोठ्याने बोलायचे.

जूनच्या मध्यावर प्रसन्न दुपारीच घरी आला आणि बूटही न काढता सोफ्यावर बसला.

"वकीलबाईंचा फोन होता. जुलैत ग्रीनकार्डच्या रांगेतल्या सगळ्या तारखा ओपन होतायत. आपणसुद्धा अर्ज फाइल करू शकतो."

चार वर्षं आम्ही या बातमीची वाट पाहत होतो. मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्याचा चेहरा दिसला.

"अर्ज जाईल त्या दिवशी आपण दोघं या देशात हवेत, मृणाल. आणि तो दिवस कुठला, हे त्या आत्ता सांगू शकत नाहीत. मेडिकल, एक्स-रे, फोटो, सगळं त्याआधी. परत कधी बंद होईल, नेम नाही."

मी त्याच्या शेजारी बसले. तो म्हणाला, "तू ठरव. तू म्हणशील तर आपण जाऊ. खरंच."

मला त्याचा असा संताप आला! तो मनापासून म्हणत होता, म्हणून तर जास्तच. त्या अर्जाबरोबर मला कामाची परवानगी मिळणार होती. मला पुन्हा वर्गात उभं राहता येणार होतं. एकीकडे फ्रेंच शिकवणं आणि दुसरीकडे फ्रान्स, आणि म्हणे तू ठरव. मी आत जाऊन बाथरूमचा नळ सोडला आणि पोटभर रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि म्हटलं, "मेडिकलची अपॉइंटमेंट घे."

त्या आठवड्यात शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर आम्ही अर्जाचे फोटो काढून घेतले. फोटोवाला म्हणाला, "हसू नका." मी हसत नव्हतेच.

तिकिटं प्रसन्नने कॅन्सल केली. ल्यों आणि तुलूझची हॉटेलं त्याने ईमेलवर कॅन्सल केली. नाँतला फोन करावा लागणार होता आणि तो मीच करायचा होता. मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी सकाळी अनिकाची समर कॅम्पची बस गेल्यावर कॉलिंग कार्ड घेऊन बसले. प्रसन्न ऑफिसला जायचा सोडून शेजारी उभा राहिला.

बाईंनी फोन उचलला. आवाज म्हातारा होता, जरा घोगरा. मी नाव सांगितलं, खोलीची तारीख सांगितली, आम्ही येऊ शकत नाही असं सांगितलं. कारण सांगायला गेले तर इमिग्रेशनच्या कागदांसाठी शब्द सापडेनात. मी अडखळले. आता या इंग्रजीत सुरू होणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. फ्रेंचमध्ये. "मला घाई नाही."

मी सावकाश सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वाईट वाटलं म्हणाल्या, त्यांच्या भाचीच्या नवऱ्यालाही कागदांनी असंच छळलं होतं ते सांगितलं. मग विचारलं, "आमच्या गावात लोक फारसे येत नाहीत. तुम्हाला इथे काय बघायचं होतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "मला रस्त्यात कुणालातरी पत्ता विचारायचा होता."

मला वाटलं, चुकलंच काहीतरी. मग त्या म्हणाल्या, "मग विचारा."

मी घसा खाकरला. पाठ ताठ केली. माफ करा मादाम, स्टेशनवरून तुमच्या घरी कसं यायचं?

त्यांनी सांगितलं. स्टेशनच्या उत्तरेच्या दाराने बाहेर पडा. समोर ट्राम आहे. तिसऱ्या थांब्यावर उतरा, चर्च डाव्या हाताला ठेवा, बेकरीच्या पुढचा चढ चढा, हिरवं दार. घंटी बिघडलेली आहे, दार वाजवा.

एकही शब्द सुटला नाही. पहिल्यांदाच मला सगळं कळलं होतं. प्रसन्न घड्याळ दाखवत नव्हता. तो खाली बसला होता.

"माफ करा," मी म्हटलं, "पुन्हा एकदा सांगता का?"